हात हलतील म्हणून

तिने चिमट्याने कोंबडीच्या मांडीतली शीर अलगद सोडवून वर घेतली. उसवलेल्या दोऱ्याएवढी बारीक. जेवणाच्या टेबलावर पुस्तकांची चळत रचून तिने जुना फोन आडवा ठेवला होता आणि कॅमेऱ्यावर भिंग चिकटवलं होतं. हाच तिचा सूक्ष्मदर्शक. हॉस्पिटलातल्या खऱ्यावर लेक झाल्यापासून दुसरी माणसं बसत होती.

तंगडी बांधून देताना खाटीक एकदा म्हणाला होता, "ताई, घरात माणसं तरी किती? रोज एकच?"

"खायला नाही हो. शिवायला."

त्यावर तो इतका हसला की पुढच्या गिऱ्हाइकालाही त्याने ते सांगितलं.

आज दुपारी सरांसमोर अशीच एक शीर कापून पुन्हा जोडायची होती. जमलं, तर तुटलेली बोटं जोडणाऱ्या डॉक्टरांच्या गटात तिची जागा परत. नाही जमलं, तर ती जागा दुसऱ्या कुणाची, कायमची.

टेबलाखालून कुर्ता ओढला गेला. अडीच वर्षांची लेक दोन्ही हात वर करून उभी.

"आई, घे."

"नको गं राणी. आईचे हात हलतील."

मागे एकदा ती लेकीला कडेवर घेऊन चार जिने चढली होती आणि लगेच शिवायला बसली होती. टाके दिसायला देखणे पडले, पण आत निळं पाणी सोडलं तर ते पुढे जाईना. सुईने शिरेच्या समोरच्या भिंतीबरोबर मागचीही पकडली होती. जोडायला घेतलेली शीर तिने शिवून बंदच करून टाकली होती. तेव्हापासून जड उचलणं बंद. भाजीची पिशवी नाही, बादली नाही, लेक नाही.

सासूबाईंनी येऊन नातीला उचललं.

"अगं, पोर आहे ते, पोतं नव्हे."

"आजचाच दिवस, आई."

"महिनाभर आजचाच दिवस चाललाय तुझा."

तिने श्वास सोडला, आणि पुढचा घेण्याआधीच्या त्या एवढ्याशा थांब्यात सुई आत घातली.

दुपारी हॉस्पिटलात सर खुर्ची ओढून बसले आणि शेवटपर्यंत भिंगातून बघत राहिले. तिने गाठ मारली, दोरा कापला, पाणी सोडलं. पलीकडच्या टोकाला निळा थेंब फुगला आणि टपकला.

"मागची भिंत सुटी आहे," सर भिंगावरून डोळे न काढता म्हणाले. "सोमवारपासून या."

ती बाहेर आली. गटातले बाकीचे तिघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चहाला निघाले होते. त्यातल्या एकाने मान डोलावली, एवढंच. परगावी नोकरीला असलेल्या नवऱ्याला तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. लांबलचक मोकळ्या गल्लीत ती फोन हातात धरून जराशी उभी राहिली, मग खिशात टाकून घराकडे चालू लागली. कुणाला तरी सांगायचं होतं. पावलं आपोआप भराभर पडत गेली.

दार सासूबाईंनी उघडलं. सुनेचा चेहरा बघून त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला.

लेक चटईवर डबे रचत होती. आईने चप्पल काढली न काढली तोच खाली बसून दोन्ही हात पसरले.

"ये. ये बघू आईकडे."

लेक उठली. दोन पावलं आली आणि थांबली.

"नको. हात हलतील."

"आता हलू देत. काही होत नाही."

लेकीने आजीकडे पाहिलं. आजीने पदर तोंडाशी नेला आणि मान डोलावली. मग ती आली. आईच्या गळ्यात हात टाकले, गाल गालाला लावला. आई लेकीला उचलायला गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं. पोर चवड्यांवर ताणून उभी होती, आपलं वजन आपल्याच पायांवर धरून.