वरचं कापड

"मावशी, ही वाकळ परत द्यायला सांगितलीया," अंगणात उभी राहिलेली पोर म्हणाली आणि डोक्यावरचं गाठोडं खाली न उतरवता तशीच थांबली.

चंद्राबाई ओट्यावर नाचणी पाखडत बसली होती. सूप तिच्या हातातच राहिलं. या पोरीला तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं. पण कडेवरच्या दोन वर्षांच्या मुलीचं कपाळ तिने ओळखलं, आणि पोरीच्या गळ्यातला चांदीचा टाकही ओळखला. दुसरेपणाची बायको पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालते, म्हणजे गेलेली सवत छळत नाही, अशी समजूत. नखाएवढ्या त्या पत्र्यावर एक बाई कोरलेली होती. ती बाई म्हणजे चंद्राबाईची भागू.

भागूचं लग्न झालं ते भोरचं संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या साली, गुंजवण्याच्या गेनूशी. तेव्हा कापडाला कंट्रोल होता. भागूच्या बापाने, सावळाने, डोंगरावरच्या वाडीतून वेल्ह्याला तीन खेपा घातल्या, तेव्हा कुठं एक हिरवं लुगडं हाती लागलं. ते लुगडं भागूने पुरतं वापरलंही नाही. पहिल्याच बाळंतपणात ती गेली, पोर तेवढी जगली. तेराव्याला सासरच्यांनी भागूचे कपडे गाठोड्यात बांधून परत दिले. चंद्राबाईने आठ दिवस कुणाशी न बोलता त्यांची वाकळ शिवली. खाली सावळाचा जुना पटका, मध्ये भागूचं रोजचं लुगडं आणि वर ते हिरवं. शिवून झाल्यावर ती तान्ह्या बनाला धाडून दिली. आई नाही तर नाही, पोर आईच्या कापडात तरी निजेल.

सहा महिन्यांनी गेनूने दुसरी केली. पहिलीच्या आईने दुसरीला लेक मानायचं, तिला चोळीचा खण द्यायचा, ही रीत. सावळा म्हणाला होता, "जाऊन यिऊ. तिचा काय दोष?" चंद्राबाई म्हणाली, "माजी लेक एकच व्हती." ती गेली नाही. त्या हट्टापायी नातही दिसली नाही.

ती दुसरी आता दारात उभी होती. सोजरा तिचं नाव. सतरा-अठरा वर्षांची, पायाला पोटऱ्यांपर्यंत धूळ, ओठ सुकलेले. पोरगी कडेवर घेऊन ती सकाळपासून चालत होती.

"बस," चंद्राबाई म्हणाली. "आदी पानी पी."

पाणी पिऊन सोजराने खाली मान घालून सगळं सांगितलं. तिला दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळेला गर्भ पडला. सासू अंबूबाई देवऋष्याकडे गेली. पहिलीच्या अंगाचं कापड घरात आहे तोवर पाळणा हलायचा नाही, असं त्याने सांगितलं.

"आत्याबाई म्हनल्या, नदीत सोडून ये. म्या म्हनलं, ज्येची हाय तिला दिऊन येते. मग दोन दिसांची रजा दिली."

चंद्राबाईने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुला काय वाटतं? माजी भागू तुला छळती?"

सोजरा पोरीच्या पायावरची धूळ पुसत राहिली. "मला न्हाई वाटत. तिची पोर माज्या कुशीत निजती, मावशी. छळायचं असतं तर पोर माज्याकडं ऱ्हाऊ दिली असती का?"

चंद्राबाईने बनाला घ्यायला हात पुढे केले. पोरीने तोंड फिरवलं आणि "आय" म्हणत सोजराच्या गळ्याला मिठी मारली. चंद्राबाईने हात मागे घेतले, सुपातली नाचणी उगाच सारखी केली.

तेवढ्यात बनाने गाठोड्यातून वाकळेचं टोक ओढून काढलं आणि गालाशी धरलं.

"हिच्याबिगर झोपत न्हाई ती," सोजरा म्हणाली. "परवा आत्याबाईंनी लपवली, तर तांबडं फुटस्तवर रडली. म्हून आले, मावशी. नुसती द्यायला न्हाई आले." तिने गाठोड्याच्या तळातून एक विटकं तांबडं लुगडं आणि दोन फाटक्या चोळ्या काढल्या. "हे माजं हाय. वरनं लावा. तुमचं समदं झाकून टाका. घरी सांगीन, जुनी ठिवून घेतली आन् ही नवी दिली. आत काय हाय ते कोन उसवून बघतंय?"

लेकीच्या हिरव्यावर सवतीचं कापड घालायचं, आणि तेही आपल्या हाताने. नाही म्हणायला चंद्राबाईला एक शब्द पुरला असता. वाकळ घरात राहिली असती, भागूची म्हणून तिला उशाशी घेता आली असती. पण बना ओट्यावरच आडवी झाली होती, टोक गालाखाली घेऊन. तिकडे पाहिलं आणि चंद्राबाई उठली, आत जाऊन सुईदोरा घेऊन आली.

लुगडं अंगणात पसरून तिने उजेडात धरलं. मधला सगळा भाग झिरून जाळीसारखा झाला होता. बोट लावलं की फाटत होतं. धड होतं ते काठालगतचं आणि पदराचं. वाकळ तर दोन हात लांब आणि पावणेदोन हात रुंद.

"पुरंल का?" सोजराने विचारलं.

"पुरवाय लागंल."

"आमच्या माह्यारी कातरीनं चौकोन कापत्यात. समदे सारखे. लई ग्वाड दिसतंय."

"दिसतं. पर त्येला घरात कापड पायजे." चंद्राबाईने चार बोटांचा एक तुकडा घेतला आणि चारी कडा आत दुमडून सोजराच्या तळहातावर ठेवला. "किती ऱ्हायला?"

सोजराने बोटं लावून पाहिली. "तीन बोटं."

"लांबीतबी एक गेलं, रुंदीतबी एक गेलं. जवळजवळ निम्मा तुकडा दुमडीत मेला. असं क्येलं तर तुजं लुगडं हितं मधीच संपंल."

चोळ्या उसवल्यावर काखेचे, बाह्यांचे असे आठ तिकोनी तुकडे निघाले. सोजरा ते कापून सरळ करायला निघाली, तशी चंद्राबाईने तिचा हात धरला. दोन तिकोन तिरक्या कडेने एकमेकांना जोडले की आपोआप चौकोन होतो, काही कापावं लागत नाही. फक्त तिरकं कापड जळवेसारखं ताणलं जातं, म्हणून आधी लांब कच्चा टाका घालून त्याला गप्प बसवायचं. असे चार चौकोन झाले. ते तिने चार कोपऱ्यांसाठी बाजूला ठेवले.

लुगड्याला मात्र तिने कातर लावू दिली नाही. काठाला दातांनी चीर दिली आणि फर्रकन पट्टी फाडली. "फाडलेलं कापड सुतात जातं. वाकडं होत न्हाई, आन् कातरन पडत न्हाई."

मग पदराचा तळहाताएवढा तुकडा तिने वाकळेच्या बरोबर मधोमध बसवला आणि त्याच्या भोवतीने एकेक पट्टी लावायला घेतली.

"वेल्ह्याच्या कचेरीवरची कौलं बघितलीस? वरचं कौल खालच्यावर चढतं. खालच्याची कड उघडीच असती, पर दिसत न्हाई. तसं लावायचं. नव्या पट्टीची एकच कड दुमडायची आन् आदीच्या पट्टीच्या उघड्या कडंवर ठिवायची. दुमड एकच. आखूड पट्ट्या आदी संपव, लांब मागनं. भवतीचा येढा वाढत जातो."

दोघी समोरासमोर बसून शिवू लागल्या. सोजराचा टाका मोठा होता, पण सरळ होता. पहिले दोन वेढे झाले आणि मधलं हिरवं दिसेनासं झालं. तिसऱ्या वेढ्याखाली लग्नातल्या हळदीचा एक डाग होता. किती धुतला तरी गेला नव्हता. भागूला तेव्हा चुलत भावजयीने हळद लावताना हात लुगड्याला पुसला होता आणि भागू दिवसभर फुगून बसली होती. सोजराने विचारलं, "ह्यो कशाचा?" चंद्राबाई म्हणाली, "हळदीचा." सोजराची सुई थांबली. मग तिने पट्टी डागावर हलकेच ठेवली आणि कधी नव्हे ते बारीक टाके घातले.

दिवस मावळला तेव्हा निम्मं काम झालं होतं. सावळा शेरडं घेऊन चार दिवस वरच्या माचीवर गेला होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. दोघींनी भाकरी खाल्ली. बना त्या अर्ध्या वाकळेवरच झोपली. पडल्या पडल्या सोजरा एवढंच बोलली, "दुसऱ्यांदा पोरगा व्हता, मावशी. हात-पाय कळत व्हते." चंद्राबाई उठून तिच्या शेजारी जाऊन पडली.

दुसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर आला तेव्हा पट्ट्या संपल्या. कोपरे बसले, कडेचा काठ बसला, आणि खालच्या अंगाला वीतभर लांब, दोन बोटं रुंद हिरवं उघडं राहिलं.

चंद्राबाई त्याच्याकडे बघत राहिली. वीस वर्षं ती वाकळा शिवत होती, सगळ्या वाड्यांवरच्या बायका तिच्याकडे कापड मापायला यायच्या. ती चुकली नव्हती. तिने शेवटच्या दोन वेढ्यांची दुमड चाचपून पाहिली. एका बोटाच्या जागी दोन दोन बोटं कापड आत गेलं होतं. सोजराच्या बाजूला नाही, तिच्या स्वतःच्या बाजूला. मनाला न विचारता हातांनी आपलं काम केलं होतं.

सोजरालाही ते कळलं असावं. ती हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. तेवढं दिसू द्या. कुनी आलं तर म्या वर हात ठिवीन."

"किती दिस हात ठिवशील?"

सोजराने हिरव्यावर तळहात ठेवून पाहिला.

"अंबूबाईची नजर बारीक हाय. एक सूत दिसलं तर वाकळ नदीत जाईल. आन् बोलनी तुला बसतील." एवढं बोलून चंद्राबाईने टाके दातांनी तोडायला सुरुवात केली. दोन्ही पट्ट्या सोडल्या, दुमड एका बोटावर आणली, कापड ओढून खाली घेतलं. आता ते पुरत होतं. शेवटची कड ठेवण्याआधी तिने हिरव्यावरून एकदा अंगठा फिरवला, सुरकुती काढावी तसा. मग सुई घातली. शिवण या टोकापासून त्या टोकाला पोचेपर्यंत सोजराने मान वर केली नाही.

वाकळ झाली तेव्हा ती सगळी तांबडी होती. मधोमध एक तुकडा आणि त्याच्या भोवतीने वाढत गेलेल्या चौकटी. कुणीही म्हणालं असतं, ही सोजराच्या लुगड्याची वाकळ आहे. बनाने ती गालाशी धरली, हुंगली आणि खांद्यावर ओढून घेतली. तिला काही वेगळं वाटलं नाही.

निघताना सोजरा पाया पडायला वाकली. चंद्राबाईने तिला थांबवलं. घरात तांदूळ नव्हते, खणही नव्हता. तिने पसाभर नाचणी आणली, सोजराला कुंकू लावलं आणि नाचणीनेच ओटी भरली. सोजराने पदर आवळून धरला. तिच्या गळ्यातला टाक पुढे आला होता, तो चंद्राबाईने चोळीच्या आत सारला.

"पोरीला घिऊन येत जा," ती म्हणाली.

"आत्याबाई धाडायच्या न्हाईत."

"तरीबी."

उतारावरच्या करवंदीच्या जाळ्यांआड दोघी दिसेनाशा झाल्या. त्यानंतरही चंद्राबाई बराच वेळ अंगणात उभी होती.

दिवस कलला तसा सावळा शेरडं घेऊन खाली आला. शेरडं कोंडून, हातपाय धुऊन तो ओट्यावर टेकला. ओट्याच्या कडेला पालथ्या घातलेल्या दोन थाळ्या आणि एक लहान वाटी त्याला दिसली.

"कोन आलतं?" त्याने विचारलं.

चंद्राबाई चुलीशी होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली. "लेक आलती," ती म्हणाली. "पोरीला घिऊन."

सावळाने पटका सोडून मांडीवर घेतला.

"मुक्काम क्येला?"

"एक रात ऱ्हायली."

"आनखी एक दिस ठिवून घ्यायची."

"म्या म्हनलं असतं," चंद्राबाई म्हणाली, "पर सासू वाट बघत व्हती तिची." आणि तिने भाकरी तव्यावरून काढून त्याच्या थाळीत ठेवली.