बोलणाऱ्याचं नाव

मुसाफिर हा शब्द मी कोशात घातला तेव्हा अर्थाच्या जागी एकच शब्द लिहिला : प्रवासी. त्याच्या गणगोतात अरबी, फारसी, उर्दू, हिंदी आणि लांबच्या स्वाहिलीतला 'म्सफिरी' असे सगळे ओळीनं मांडले, सगळे पायाला भिंगरी लागलेले, आणि खाली सही ठोकून मोकळा झालो. त्या काळात मी स्वतःवर भलताच खूश असायचो.

नऊ वर्षांनी एका अभ्यासकाचं पत्र आलं. तुर्की आणि रोमानियन भाषांतही हा शब्द पोचलेला आहे, पण तिथे त्याचा अर्थ पाहुणा; हे तुमच्या कोशात कसं नाही? आमच्या मुख्य संपादक बाईंना कचेरीत सगळे 'पूर्णविराम' म्हणतात, कारण त्या बोलल्या की विषय संपतो. त्यांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे आपल्याला आधी कुणी कळवलं होतं का? कळवलं असेल तर पुरवणीत त्या माणसाचं नाव गेलं पाहिजे. शुक्रवारपर्यंत बघा."

कळवलं होतं. माझ्या वडिलांनीच कळवलं होतं.

बाबा तीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते. ताट घेऊन समोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक खलाशाला ते विचारायचे, तुमच्याकडे मिठाला काय म्हणतात, चमच्याला काय, सासूला काय. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या कचेरीची छापील कार्डं मागवून घेतली आणि आठवेल तो शब्द पाठवायला लागले. बाहेरच्या लोकांकडून आम्ही असे शब्द घेतो. कार्डावर चार रकाने असतात : शब्द, अर्थ, वाक्य आणि बोलणाऱ्याचं नाव. वाक्य कुणीतरी खरोखर बोललेलं हवं, घरी बसून रचलेलं चालत नाही. बोलणाऱ्याचं नाव नसेल तर कार्ड बाद. हा नियम मीच भांडून करून घेतला होता.

ज्यांची कार्डं मंजूर होतात त्यांची नावं शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापतात. बाबांना तिथे यायचं होतं. ते कधी बोलले नाहीत, आईच एकदा फोनवर बोलली, "त्यांचं नाव एकदा छापून येऊ दे रे. गल्लीभर दाखवत फिरतील."

मी तिला नियम ऐकवला. बापाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी बाबांची कार्डं इतरांपेक्षा जास्तच कडक तपासायचो. सदतीस कार्डं आली, सदतीस नामंजूर. दर वेळी त्यांना कचेरीची छापील चिठ्ठी गेली : आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. हातानं एक ओळ लिहिली असती तर माझी बोटं काही झिजली नसती. मग कार्डं यायची थांबली. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

नामंजूर कार्डं दहा वर्षं तळघरात ठेवतात, मग रद्दीत देतात. म्हणजे माझ्या हातात अजून वर्ष होतं. मी तीन दुपारी पोती उपसली. शिपाई दारातून म्हणाला, "साहेब, तुम्हीच टाकलेला माल तुम्हीच उकरताय?" मी पुढचं पोतं ओढलं.

तिसऱ्या दुपारी कार्ड सापडलं. पाठीमागे कुणीतरी पंखा दुरुस्त करणाऱ्याचा नंबर टिपून ठेवला होता. पुढे बाबांचं ठसठशीत अक्षर.

शब्द : मुसाफिर. अर्थ : आपण निघालेल्या माणसाला म्हणतो, जहाजावरचा तुर्की मदतनीस घरी आलेल्या माणसाला म्हणायचा. वाक्य : "रविवारी मुसाफिर येणार म्हणतोय, त्याची उशी उन्हात घाला." बोलणाऱ्याचं नाव : काहीच नाही. आणि खाली लाल शाईत मी : वाक्य स्वरचित. बोलणारा नाही. नामंजूर.

मी कार्डावरची तारीख पाहिली. त्या रविवारी मी घरी येतो म्हणालो होतो आणि गेलो नव्हतो. 'म'च्या खंडाची मुद्रितं तपासायची होती. त्या वर्षात मी चार वेळा येतो म्हणालो आणि चारही वेळा काहीतरी तपासत बसलो. नऊ वर्षांपूर्वी हेच वाक्य मी काना-मात्रेसकट वाचलं होतं आणि ते माझ्याबद्दल आहे हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. आता शिरलं, तर वाटलं, बाबांनी टोमणा मारला. मारलाच पाहिजे होता.

गुरुवारी मी कार्ड घेऊन घरी गेलो. आई जाऊन सात वर्षं झाली. बाबा ओट्याशी उभे राहून लसूण सोलत होते, एकट्या माणसाला लागतो त्याच्या चौपट.

"बाबा, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. पुरवणीत घेतोय हा अर्थ, तुमचं नावही येईल. फक्त बोलणाऱ्याचं नाव हवं. तो तुर्की माणूस आठवतो का?"

"आठवतो की. ताडमाड होता. नाव गेलं डोक्यातून. पण वाक्य त्याचं नाही."

"म्हणजे तुम्ही रचलंत? मग घेता येणार नाही." त्याही वेळी माझ्या तोंडून कचेरीच बोलली.

बाबांनी हात पुसले, चष्मा लावला आणि कार्ड खिडकीजवळ नेऊन वाचलं.

"रचू कशाला? तुझी आई बोलली ते. तिला हा शब्द मीच शिकवला होता, तेव्हापासून तुला मुसाफिरच म्हणायची. शनिवारी सकाळी तुझी उशी घेऊन आली, माझ्या हातात दिली आणि असं म्हणाली. मी उतरवून घेतलं."

"मग तिचं नाव का नाही लिहिलंत?"

"कार्ड तुझ्याकडे जाणार होतं ना," बाबा म्हणाले. "तुला तिचं नाव काय लिहून कळवायचं?"

मी पेन काढलं. रिकाम्या रकान्यात आईचं नाव लिहिलं, पूर्ण नाव, आणि माझा लाल शेरा खोडला. बाबा खांद्यावरून बघत होते.

"आता चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल," मी म्हणालो. एवढा एक शब्द म्हणायला मी नऊ वर्षं लावली, आणि त्यातली दोनच वर्षं तिला थांबता आलं.