वन्सं काय वाचतात

गुलाबी मेणाचा नखाएवढा पातळ तुकडा, जाड कादंबरीच्या बरोबर मध्यावर खूण म्हणून घातलेला — उकाड्यानं मऊ होऊन तो दोन्ही पानांना चिकटला होता. तिनं तो बारीक सुरीच्या टोकानं, श्वास रोखून, एकाही अक्षराला न दुखवता सोडवला, आणि सोडवता सोडवता तिच्या लक्षात आलं की या पानाच्या पुढे आपण गेलोच नाही आणि आता जाणारही नाही. महिन्याचा शेवटचा शनिवार. पुस्तक आज परत करायचं. अर्धं टाकलं असं वन्संना सांगताना जरा कसंनुसं होईल... होऊ दे. वाचलं नाही ते वाचलं म्हणून कशाला सांगायचं?

तिच्यासमोर बाकावर कुणाकुणाचे जबडे ओळीनं मांडलेले होते. कवळ्या बनवण्याचं काम ती लग्नाआधीपासून करत होती, आणि साच्यातलं प्लास्टर घट्ट होईपर्यंतचा वेळ हा तिचा वाचनाचा वेळ, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी केलेले दात लोक चावायला वापरतात आणि बाई स्वतः पुस्तकं चावतात, असं दातांचे डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तिला ते आवडायचं. प्रत्येक वेळी नव्यानं ऐकल्यासारखं ती हसायची.

हा महिना तसा बराच गेला. मिठाच्या व्यापाऱ्यांच्या वाटांवरून चालत गेलेल्या एका माणसाचं प्रवासवर्णन — त्यातली धूळ अजून घशात होती. एका शल्यविशारद बाईचं चरित्र, कोरडं पण प्रामाणिक. एक कथासंग्रह, त्यातली एकच कथा खरी, बाकीच्या तिच्या मावसबहिणी. आणि ही कादंबरी, अर्धी. संध्याकाळी वन्सं येतील, चहा होईल, मग आधी हिनं सांगायचं, नंतर त्यांनी. आणि दर वेळेसारखं आपलं सगळं पाच मिनिटांत आटपेल, आणि वन्संचं एकच पुस्तक तास खाईल...

वन्सं म्हणजे तिची मोठी नणंद. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं थट्टेनं ‘वन्सं’ म्हटलं, त्यांनी तितक्याच थट्टेनं ओ दिली, आणि पुढे थट्टा गळून नाव तेवढं राहिलं. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. यांच्यात पहिल्याच वर्षी पुस्तकांची देवघेव सुरू झाली आणि भांडायचं राहूनच गेलं. वन्संची सगळी नोकरी टेलिफोनच्या बोर्डावर झाली. आवाज असा की नंबर सांगितला तरी माणूस ऐकत राहावा. गेल्या महिन्यात त्यांनी दोन भावांची कादंबरी सांगितली होती : दोघांत मिळून एकच चांगला कोट, त्यामुळे लग्नाला, मयताला, मुलाखतीला एका वेळी एकानंच जायचं. ती गोष्ट महिनाभर हिच्या मागे लागली होती. कुणाच्या तरी दाढा घासताना, बसच्या रांगेत... धाकट्यानं कोट भिजवला तेव्हा थोरला काहीच का बोलला नाही? म्हणून आज कामावरून सुटल्यावर वाचनालयात तिनं ठरवून तेच पुस्तक मागितलं.

तिथले ग्रंथपाल उंच, वाकून बोलणारे. त्यांनी संगणकावर शोधलं, कपाटात शोधलं. मग तिनं वन्संनी त्याआधीच्या महिन्यांत सांगितलेली सांगितली — आंधळ्या नकाशाकाराचं, आणि ते बर्फात अडकलेल्या शाळेचं. तीही नव्हती. कुठल्याच यादीत, कुठल्याच प्रकाशकाकडे नव्हती.

“कुणी सांगितली तुम्हाला ही पुस्तकं?” त्यांनी विचारलं.

तिनं वन्संचं सांगितलं.

“त्यांनी तर कार्ड परत केलं की. दोन वर्षं झाली असतील. म्हणाल्या, आता जमत नाही.”

तिनं जाड कादंबरी परत केली, पुढच्या महिन्याची चार पुस्तकं घेतली, आभारही मानले बहुतेक. रस्त्यावर आल्यावर मात्र पिशवी एकदम जड झाली. म्हणजे दोन वर्षं... दोन वर्षं बाईनं मला शेंडी लावली. ताकास तूर लागू दिली नाही. मी मेली इमानेइतबारे एकेक पान वाचते, अर्धं टाकलं तर अर्धं टाकलं म्हणते, आणि या नुसत्या खुर्चीत बसून — आणि मला वाटायचं माझंच वाचन उथळ, माझ्याच हाताला बरी पुस्तकं लागत नाहीत. कोपऱ्यावरच्या चाव्या करणाऱ्याच्या दुकानापाशी ती थांबली, आत यंत्र किरकिरत होतं, आणि त्या किरकिरीत तिनं मनातल्या मनात वन्संना चांगलं खडसावून घेतलं. मग पुढे चालताना शल्यविशारद बाईच्या नवऱ्याचं नाव आठवायला गेली, तर आठवेना. परवाच तर वाचलं होतं. पण कोटाचं अस्तर कुठल्या रंगाचं ते आठवत होतं. विटकं जांभळं. डाव्या खिशाला भोक.

घरी नवरा आरामखुर्चीत पेंगत होता. ‘तुमची सभा किती वाजता?’ एवढं विचारून तो पुन्हा पेंगायला लागला. त्याला सांगावं का? त्याची बहीण. तो हसेल, आणि मग येताजाता तिला चिडवेल... नको. तिनं चहाचं पाणी ठेवलं.

वन्सं आल्या त्या जिना चढून धापा टाकत, गुडघ्यांना शिव्या देत. चहा झाला. तिनं आपला महिना सांगितला; अर्धी टाकलेली कादंबरीही सांगितली. वन्सं मन लावून ऐकत होत्या. किती मन लावून ऐकतात या, हे तिनं आजच पाहिलं. मिठाच्या वाटांबद्दल तर त्यांनी खोदखोदून विचारलं, उपाशी माणूस शेजारच्या पंगतीत काय काय वाढलं ते विचारतो, तसं.

“आणि तुमचं?” तिनं विचारलं. आवाज नको इतका सरळ आला.

या महिन्यात एकच, वन्सं म्हणाल्या, आणि सांगायला लागल्या. नदीवरच्या बोटीत तिकिटं फाडणारी एक बाई. दिवसातून कितीदा तरी पलीकडच्या काठाला लागते, दोर बांधेपर्यंत थांबते, आणि परत येते. उतरत कधीच नाही. पलीकडचं गाव तिला माणसांच्या हातातल्या पिशव्यांवरून ठाऊक : आज भाजी स्वस्त झालेली दिसते, आज कुणाकडे तरी बाळ झालं... सांगताना वन्संचा उजवा अंगठा मांडीवर हळूच सरकत होता, पान उलटल्यासारखा. मध्येच त्या थांबल्या. अशा थांबल्या की हिला आजवर वाटायचं, आठवतायत. आज तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्या आठवत नव्हत्या. काठावर उभं राहून पुढे पाय कुठे टाकावा ते बघत होत्या, आणि थोड्या घाबरल्याही होत्या.

लेखक कोण, वन्सं? प्रश्न जिभेवर तयार होता. वाटभर घासून गुळगुळीत केलेला.

“मग?” ती म्हणाली. “उतरली का शेवटी?”

वन्संनी तिच्याकडे पाहिलं, मग कपाकडे.

“तिथपर्यंत नाही गं पोचले अजून.” जरा वेळानं त्या म्हणाल्या, “हल्ली वाचायला बसलं की ओळी पळतात माझ्या. एक धरावी तर दुसरी सुटते. डोळ्यांचं नाही, दाखवले डोळे. मनच बसत नाही एका जागी. हे पुस्तक तेवढं थांबतं माझ्यासाठी.”

आरामखुर्चीतली घोरण्याची लय बदलली आणि पुन्हा जाग्यावर आली.

“मग सावकाश वाचा,” ती म्हणाली. “परत करायची घाई नाही ना?”

“नाही. हे माझ्याजवळच असतं.”

मग वन्संनी तिच्या नव्या चार पुस्तकांची चौकशी केली, एकेक हातात घेऊन पाठीमागचा मजकूर बघितला — बघितलाच फक्त — आणि त्यातलं जुन्या पुलांवरचं पुस्तक आधी वाच म्हणाल्या. ‘म्हणजे मला सांगशील,’ असंही म्हणाल्या. तिनं ते मान्य केलं. जिन्यापर्यंत सोडायला गेली तेव्हा आज पहिल्यांदाच तिनं त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं, आणि वन्संनी उतरवू दिलं.

परत येऊन ती खिडकीशी बसली. उजेड अजून पुष्कळ होता. पुलांचं पुस्तक उघडलं. पहिलं पान छान होतं, दगड, कमानी, पाणी. दुसऱ्या पानाच्या मध्यावर ती बाई तिकिटं फाडत आली... हिनं तिला हाकललं नाही. उतरेल का ती? वन्संनाही ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही अजून, जगात कुठेच ते छापलेलं नाही, आणि तरी आपण वाट बघतोय. राग कुठे गेला म्हणून तिनं आत चाचपून पाहिलं. होता थोडा, तळाशी, पण त्याला धार नव्हती. पलीकडच्या काठावर कुणी तरी पिशवी घेऊन उभं होतं. पिशवीत काय असेल, याचा ती विचार करायला लागली — करावा की नाही, पुस्तक तर वन्संचं — आणि मांडीवर ठेवलेला तिचा अंगठा आपोआप, हळूच, पुढे सरकला.