खालच्या कोपऱ्यातलं पाणी

"नकाशा तयार आहे, बाबा. आता आणखी एक भोक कशाला?"

"तयार आहे म्हणजे तू रंगवलायस," बाबा म्हणाले आणि गिरमिटाचं पातं पुसत राहिले.

आमचं काम जोडीचं. ते शेतात गिरमिटाने खोल भोकं पाडत, आतलं पाणी उपसत आणि ते परत किती वेगाने चढतं ते मोजत. त्यावरून दोन भोकांमधली जमीन कशी असेल याचा अंदाज मी संगणकावर करी आणि निचऱ्याचे नळ किती अंतराने पुरायचे ते ठरवी. आमची सगळी भांडणं त्या दोन भोकांच्या मधल्या जागेतच होत.

"खालच्या कोपऱ्यात चिकणमाती निघाली तर? तुझे नळ पडतील लांब लांब. पाणी तुंबेल, मुळं कुजतील."

"शेजारच्या भोकांवरून अंदाज करतातच, बाबा. नाहीतर शेताची चाळणी होईल."

"होऊ दे."

"जेवताना तरी चिखल बाजूला ठेवा!" ताटं वाढत आई म्हणाली. "बापलेक दोघंही डोक्यावर पडलेत."

"सकाळी जातो मी," बाबा म्हणाले. "येतेस?"

"पाण्याकडे बघत बसायला? मला कामं आहेत."

तसं मी बऱ्याचदा जात असे. पाणी चढेपर्यंत ते उलट्या बादलीवर बसत आणि मधेच विचारत, "कंटाळलीस?" मी घड्याळाकडे बघे. उत्तर कधी दिलं नाही.

सकाळी बूट घालताना ते दारातच कोसळले. एका पायात बूट होता. दुसरा आईने पुढे कितीतरी दिवस जागचा हलू दिला नाही.

भेटायला येणारे म्हणत, "काम करता करता गेले, भाग्यवान." मला संताप येई. काम कसलं? नको असलेल्या एका भोकापायी निघाले होते.

"शेतमालकाला नकाशा दिलास?" एक दिवस आईने विचारलं.

"नाही."

"मग देऊन तरी टाक, नाहीतर तिथे जाऊन तरी ये! दोघांचा हट्ट मी एकटीने कुठवर सांभाळू?"

मी गेले. गिरमिट फिरवून तळहाताला फोड आले. माती निघाली ती शेजारच्या भोकांसारखीच, भुसभुशीत. पाणी उपसलं, मोजपट्टी सोडली. नकाशाने सांगितलं होतं त्याच वेगाने पाणी चढलं. एक रेघही बदलायची गरज नव्हती.

इतका राग मला कधी आला नव्हता. माझा अंदाज बरोबर निघाला होता आणि हुज्जत घालायला समोर कोणी नव्हतं. ते म्हणाले असते, "योगायोग. पलीकडे अजून एक घेऊ."

मोजून झालं होतं. निघायला हरकत नव्हती. मी बादली उलटी केली आणि बसले. भोकात पाणी अजून चढत होतं, सावकाश, कोणाची घाई नसल्यासारखं.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "कंटाळले नाही."