नऊ पट्ट्यांची वात

"उचलून ठेवायच्या आधी टाकी रिकामी कर. थेंबसुद्धा ठेवायचा नाही. मग ऊन दाखव, आणि मगच माळ्यावर."

मी स्टुलावर उभी होते तेव्हा ह्यांचा आवाज असा कानाशी आला. हे जाऊन अडीच वर्षं झाली होती. माळ्यावरून रॉकेलचा हीटर पुढे ओढला तर तो जड लागला, आणि आत काहीतरी डचमळलं. माझ्या हातून काय झालंय ते मला त्या आवाजानंच कळलं.

"वैनी, पडशील गं! मी चढू का?" खाली उंबऱ्यापाशी बसलेली ठमाबाई म्हणाली.

"नको. तू फक्त स्टूल धर."

ठमाबाई बारवीकडच्या वाडीतली. दर सोमवारी माझ्या शंकराला बेल घेऊन अंबरनाथला यायची. बारा वर्षांत तिचा सोमवार चुकला नव्हता, आणि कोवळं त्रिदल सोडून दुसरं पान तिनं कधी आणलं नव्हतं. त्या सोमवारी बेल होता, पण ती नेहमीसारखी बोलेना. चहासुद्धा घेईना. मग हळूच म्हणाली, "पुतळी सुटली. शनवारी. पोरगा झाला."

"अगं, मग तोंड असं का?"

"एवढुसा हाय, वैनी." तिनं दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. "पावनेदोन किलो. डागदरीण बोलली, ऊबंत ठेवा, लय ऊबंत. आता मांजर्लीला कुठून आनू ऊब?"

पुतळी ठमाबाईची लेक. तिचा नवरा वाळू हा मांजर्लीत नदीकडच्या एका इमारतीच्या कामावर होता. अर्धवट बांधलेल्या तळमजल्यावर त्यांचं बिऱ्हाड. खाली उघडं काँक्रीट, खिडक्यांना सिमेंटच्या गोण्या. पौषात नदीवरून येणारा वारा त्या गोण्यांना विचारतो होय!

"लाकडं पेटवली तं धुरानं पोर ठसकतंय. पयली दोन थंडीतच गेली. एक चार दिसांचं, एक अकरा दिसांचं." तिनं माळ्याकडे पाहिलं. "तू दिवाळीत बोलली व्हतीस, पुतळीच्या येळी ते ऊबंचं यंत्र देईन म्हून."

बोलले होते. देवापुढे दिवा तेवत असताना बोलले होते.

हीटर खाली घेतला. हिरव्या रंगाचा, बादलीएवढा, भोवती तारांची जाळी, वर धरायला कडी. झाकण उघडलं तर आंबूस, रंगाच्या डब्यासारखा भपकारा आला. वात वर करायची चकती फिरवली. हलेचना.

"चालतंय ना?" ठमाबाईनं विचारलं.

खोटं बोलायचं नाही हा माझा नेम आहे, पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून मला खरंही बोलवेना. म्हटलं, "गुरुवारी ये. तोवर बाळाला खाली ठेवायचं नाही. पुतळीनं छातीशी, उघड्या अंगाशी धरायचं. ती दमली की तू. वरून गोधडी. आणि दूध ओढेनासं झालं किंवा अंग निळसर दिसलं, तर माझी वाट बघायची नाही. तसंच उचलून दवाखान्यात."

"गुरुवारी म्हंजे तीन रात्री," ती बोटांवर मोजत म्हणाली आणि उठली.

ती गेल्यावर मी हीटरपुढे बसून राहिले.

चूक कशी झाली तेही सांगते. आमच्या चाळीत आणि आसपास कुणाकडे बाळंतपण आलं, आणि दिवस थंडीचे असले, की हा हीटर तिकडे जायचा. सव्वा महिन्यानं परत यायचा. येताना प्रत्येक बाई टाकी भरून आणायची. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही आपली रीत. वाटीतून साखर जाते, डब्यातून लाडू जातात, तसं हीटरमधून रॉकेल. हे हसतमुखानं घ्यायचे, आणि माणूस वळलं की टाकी उपसून माझ्या स्टोव्हच्या डब्यात ओतायचे. म्हणायचे, "रीत त्यांची बरोबर आणि मशीनची बरोबर. आपण मधे उभं राहायचं."

हे गेले त्या पावसाळ्यानंतरच्या थंडीत शेजारच्या नीलिमाला मुलगी झाली. हीटर तिच्याकडे गेला, आणि परत आला तो काठोकाठ भरून. "काकू, रिकामा कसा देऊ? आई म्हणाली, भरून दे." मी तो घेतला. ह्यांचे शब्द आठवत होते. पण तेव्हा घरात सगळंच रिकामं झालं होतं. एक ताट, एक पेला, एक उशी. तेवढी एकच वस्तू भरून आली होती. ती उपसायला माझा हात धजेना. भरलेलं ओतू नये, असंही मनानं घेतलं. तशीच माळ्यावर टाकली.

दोन वर्षांचं रॉकेल म्हणजे काय, ते आता माझ्यासमोर होतं.

जाळी काढली. धुराडं काढलं. बाजूचे तीन स्क्रू सैल केले, ह्यांच्या पद्धतीनं, निघतील तसे ताटलीत ओळीनं मांडत. वरचा भाग उचलला. वात पापडासारखी कडक होऊन नळीला चिकटली होती. ओढली तर हातात तुकडे आले. टाकीतलं रॉकेल चहाच्या रंगाचं, आणि तळाला पाणी आणि गंजाचे पापुद्रे.

हे फारसे बोलत नसत. कारखान्यात फिटर, घरी आले की हातात पाना नाहीतर पेपर. मला त्यांचं आठवतं ते सूचनांमधूनच. आधी विझव, गार होऊ दे, मग भर. खिडकी चार बोटं उघडी ठेव. पेटता हीटर माणसावाचून सोडू नकोस. मायेचं असं काही बोलल्याचं आठवत नाही. पण आता वाटतं, तेच असावं.

नीलिमा पोरीला काखेत घेऊन डोकावली. टाकीतला गाळ तिला दिसला. "काकू, मी भरून दिलं म्हणून झालं का हे?"

"नाही गं. तू रीत पाळलीस. ओतायचं काम माझं होतं."

टाकी दोनदा चांगल्या रॉकेलनं खळबळली, उपडी करून गॅलरीतल्या उन्हात ठेवली. हाताला वास राहिला. देवघरात जाण्याआधी राख आणि लिंबानं तीन वेळा हात घासले, तरी राहिला. शेवटी त्याच हातांनी दिवा लावला.

मंगळवारी उल्हासनगरला गेले. कॅम्प एकमधल्या हासोमलच्या दुकानातून ह्यांनी हीटर घेतला होता, हे माहीत होतं. दुकान तेच, माणूसही तोच, फक्त मिशा पांढऱ्या. मी हीटरच्या वातीचं नाव काढल्यावर चष्मा कपाळावर चढवून तो बघायला लागला.

"बत्ती? माई, वो जपान का माल. बारा साल में एकच पीस बेचा मैंने. अंबरनाथवाला एक फिटर था..."

"त्यांचंच घर माझं."

"अरे साईं!" तो उठूनच उभा राहिला. "दिनानाथभाई! मैंने बोला उसको, अंबरनाथ में हीटर? काश्मीर बसाना है क्या? तर मला म्हणतो, शेठ, घर में छोटा मेहमान आनेवाला है, पौष में. भाव भी नहीं किया." मग हसत विचारलं, "तो मेहमान कितना बडा हुआ?"

माझ्या पिशवीत दोऱ्याची गुंडाळी होती. मी ती मुठीत धरली.

"सतरा जण झाले," मी म्हटलं. "मोठे आता शाळेत जातात."

तो काही समजला नाही, पण मान डोलावली. "भगवान की किरपा."

आमचा पाहुणा सातव्या महिन्यातच आला होता. पौष लागायच्या आधी. हीटर खोक्यातून काढेपर्यंतही थांबला नाही. पुढे दिवस राहिले नाहीत. दुसऱ्या वर्षी थंडीत पलीकडच्या चाळीत कौसाबाईच्या सुनेला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली, तेव्हा ह्यांनी मला न विचारता खोकं फोडलं आणि हीटर घेऊन गेले. पहिली रात्र तिथे बसून राहिले. सकाळी आले तेव्हा डोळे लाल होते. "पेटतो चांगला," एवढंच म्हणाले.

"बत्ती नहीं मिलेगी, माई," हासोमल म्हणाला. "भंगार में दे दो. मैं कुकर देता हूँ एक्सचेंज में."

"कंदिलाची चपटी वात आहे का? पट्टी?"

"वो है. गाववाले ले जाते हैं. कितनी?"

वातीच्या नळीचा घेर मी घरून दोऱ्यानं मोजून आणला होता. दोरा पट्टीवर धरून मोजलं. "नऊ."

"नौ कंदील! इतनी बत्ती जाती है अंबरनाथ में?" म्हणत त्यानं नऊ पट्ट्या कागदात गुंडाळल्या. निघताना दहावी वर टाकली. "ये दिनानाथभाई के नाम की."

माझा लक्षवातींचा नेम होता. रोज एकशे आठ वाती वळायच्या, पूजेआधी, कुणाशी न बोलता. सात वर्षं कापूस ह्या बोटांतून चालला होता. बुधवारी पाटावर बसले, कापूस बाजूला ठेवला आणि पट्ट्या पुढे घेतल्या. कडेला कड लावून सुती दोऱ्यानं शिवत गेले. शिवण घट्ट झाली तर वात तिथे रॉकेल पीत नाही, सैल झाली तर फट पडते. दोनदा उसवलं. दुपार कलताना नऊ पट्ट्यांचं गोल कडं तयार झालं. नळीवर चढवलं. बसलं. वरची कड दाढीच्या पात्यानं सारखी केली, ताजं गाळलेलं रॉकेल भरलं आणि तासभर थांबले. वातीला आधी पोटभर पिऊ द्यायचं असतं.

गॅलरीत पेटवला. ज्योत अर्धी निळी, अर्धी पिवळी. ह्यांची तपासायची रीत म्हणजे वर पांढरी बशी धरायची. सांडशीनं धरली, शंभर आकडे मोजले. बशीवर काळी चंद्रकोर उमटली.

"काजळ!" नीलिमाची पोर टाळ्या पिटत म्हणाली.

"हे नाही हो घालायचं डोळ्यात."

ही काजळी त्या ओंजळभर छातीत जाणार. विझवला. गार होऊ दिला. नववी पट्टी केसभर वर होती, ती पात्यानं उतरवली. पुन्हा पेटवला. सातवी वर होती. पुन्हा विझवला. नीलिमा म्हणाली, "काकू, दुपारचं जेवला नाहीत तुम्ही." मी मानेनंच नको म्हटलं. तिसऱ्यांदा पेटवला तेव्हा चकती हळूहळू फिरवताना निळी बांगडी उठली, कुठेही न तुटता. बशी धरली. शंभर, दोनशे. बशी पांढरी.

दिवेलागणीला देवापुढे बसले. सात वर्षांत पहिल्यांदा वातींची परडी रिकामी होती. देवाला म्हटलं, आज एकच झाली.

गुरुवारी सकाळी ठमाबाई आली ती धावतपळत. दारातूनच तिनं हीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाळ?" मी विचारलं.

"हाय. दूध ओढतंय जरा जरा. आमची छाती भाजून निघली, पन खाली नाय ठेवला." मग भीत भीत, "झालं का गं?"

"झालं. पण एक आहे. हीटर एकटा द्यायचा नसतो. पेटता असला की शेजारी जागं माणूस लागतं. तुम्ही दोघी पाच रात्री जागलेल्या. मी येते."

"तू? मांजर्लीला? तितं बसायला गोनी हाय वैनी, गोनी!"

"मग गोणीवर बसेन."

"आन तुझा देव?"

"देवाला नीलिमा दिवा लावेल."

नीलिमाच्या हातात किल्ली दिली. तुळशीला पाणी, संध्याकाळी निरांजन, एवढंच. ती म्हणाली, "किती दिवस, काकू?"

"ठमाबाईच्या ओंजळीत मावेनासा होईपर्यंत."

तिनं हीटर कडीनं उचलून पाहिला. "हे काय, टाकी रिकामी? थांबा, माझ्याकडे आहे थोडं, भरून..." आणि मधेच थांबली.

"रिकामीच न्यायची," मी म्हटलं. "परतही रिकामीच येईल. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

ठमाबाईनं पदराची चुंबळ केली आणि हीटर डोक्यावर घेतला. मी एका हातात रॉकेलचा डबा, पिशवीत कापूस, दहावी पट्टी आणि दाढीचं पातं घेतलं. उंबऱ्यावर थांबून घरात एकदा पाहिलं. पाट भिंतीला टेकवलेला होता. मग पांढरी बशी पदरात गुंडाळली आणि तिच्या मागोमाग जिना उतरले.