उशीचं रडणं

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोर घागरबाबा बसला होता; पोटातलं बाळ आपल्या घागरीतून बोलतं, असा त्याचा दावा. बोटं पाण्यात बुडवून तो पत्र्याच्या घागरीत हात घालायचा, न जन्मलेल्या जीवाला गोंजारायचा, की आतून तान्हं बाळ टाहो फोडायचं. बाया डोळे पुसायच्या, पुरुष खाली बघायचे. त्या रडण्याचा अर्थ फक्त बाबाला कळायचा, हे सांगायला नकोच.

वहिनीला आमची आई इथेच घेऊन आली होती. वहिनीचं हृदय अधू. हे बाळंतपण तिच्या जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिने रडूनभेकून मन घट्ट केलं होतं, दादाही तयार होता, उद्या गर्भ पाडायला दवाखान्यात जायचं होतं. आईच अडून बसली होती. "घागर काय म्हणते ते ऐकू, मग बघू." मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरात माझं कुणी ऐकत नाही. म्हणून मीच पुढे घुसले.

"बाबा, आधी माझं बघा," मी पोट सावरत म्हणाले. "मलाही पाडायचंय."

बाबाने बोटं बुडवली, हात आत घातला. काय तो टाहो. "बाळ विनवतंय," बाबा गहिवरला. "म्हणतंय, आई, मी तुझ्यावरच गेलोय. नाक तर हुबेहूब तुझं."

मी ओढणीखालून उशी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. "बघा बरं नाक."

हॉलमध्ये खसखस पिकली. बाबा म्हणाला, "कापसालाही जीव असतो, ताई."

तेवढ्यात मी घागर उचलून आईपुढे कलती केली. तळाला भोक, त्यात गाठ मारून ओवलेली दोरी. "ओल्या बोटांत धरून ओढ. पत्रा थरथरतो आणि रडतो. कुठलाही डबा चालतो."

आईने ओढली. घागर रडली. तिने पुन्हा ओढून बघितली आणि घागरीपाशीच खाली बसली.

"तुझ्या आधी एक पाडलं होतं मी," ती हळूच मला म्हणाली. "घरात खायचे वांधे होते. तेव्हापासून कुणाचंही पोर रडलं की वाटतं, मलाच हाक मारतंय."

वहिनीने तिचा हात धरला. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. बाबाला तरी कुठे माहीत होतं? पण हॉलभर अशी दुखणी बसलेली असतात, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

मूल ठेवावं की नाही यावर माणसांचं दुमत होईल, होऊ दे. भांडा, विचार करा, डॉक्टरांना विचारा. पण जिचा जीव पणाला लागलाय, आधी तिचं ऐका. घागरीला काही कळत नाही.

आई पदराने डोळे पुसत उठली. "उद्या मी येते सोबत," ती वहिनीला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि ती उशी घे गं त्याच्याकडून. दवाखान्यातल्या बाकड्यांवर पाठ टेकवत नाही."