पाच वाजताचं गाणं

हलिमाला मीच बजावलं होतं, "कुछ भी हो जाए, कॉल मिस नहीं करने का." एकदा नाही, चार वेळा. सल्ले द्यायची माझी ही हौस वसईला आईने मोडून बघितली, दुबईत नवऱ्याने मोडून बघितली, कोणाला जमलं नाही.

हलिमा आमच्या टूर कंपनीच्या ऑफिसात, दुबई सिलिकॉन ओएसिसला, साफसफाई करते. गाव केनियाच्या किनाऱ्यावर. समुद्रातली मासळी कमी झाली तेव्हा तिथल्या बावीस बायकांनी एक मंडळ काढलं. पर्यटकांना चटया विणायला शिकवायच्या, नारळाच्या दुधातला भात वाढायचा, ढोल वाजवून नाचून दाखवायचं. मंडळाची प्रमुख हलिमाची आई. चार वर्षं त्यावर बावीस घरं जेवली. मग ज्या एका कंपनीच्या बस यायच्या, तिने रस्ता बदलला. गेल्या सीझनला गावात एक पाहुणा फिरकला नाही. दोन घरांना कुलपं लागली, माणसं मोंबासाला गेली. या सीझनलाही बस आली नाही तर मंडळ मोडणार, हे हलिमा मला पॅन्ट्रीत कप धुताना सांगायची. आठ महिने, रोज.

शेवटी मी आमच्या मालकांच्या, चंद्रशेखर सरांच्या, मागे लागले.

"अगं ॲडेलिन, नाच नको दाखवूस मला," सर वैतागले. "सगळीकडे तेच! उड्या मारतात, आपले लोक व्हिडिओ काढतात, खलास. पर हेड साडेचार हजार दिरहॅम घेणार आपण, म्हणजे रुपयांत लाखाच्या वर गेले. काहीतरी ऑथेंटिक पाहिजे."

"दहा मिनिटं बघा ना सर. व्हिडिओ कॉलवर, लाइव्ह."

"सोमवारी एक वाजता. दोनला मी जबल अलीला निघणार. त्यानंतर हा विषय बंद."

सोमवारी हलिमा निळ्या युनिफॉर्मवर ठेवणीतली ओढणी घेऊन मीटिंग रूममध्ये उभी राहिली. खुर्ची दिली तरी बसेना. पडद्यावर गावातलं अंगण आलं आणि मी मनात म्हटलं, गेलं सगळं! बायका नाचत नव्हत्या. रंगीत कपडे नव्हते. एकमेकींना टेकून जमिनीवर बसल्या होत्या. मधे एक ढोल पालथा ठेवलेला, आणि एक म्हातारी त्याच्या लाकडावर नुसत्या तळव्याने ठोका देत होती. मग त्या गायला लागल्या. हळू, फार हळू. माझ्या अंगावर काटा आला. सरांनी हातातला फोन टेबलावर उलटा ठेवला. नऊ वर्षांत मी त्यांना असं करताना पाहिलं नव्हतं.

"इसका मतलब क्या है?" त्यांनी विचारलं.

हलिमाची नजर पडद्यावरून हलेना. ओढणीचं टोक तिने मुठीत आवळून धरलं होतं. "बोलता है... मेहमान, तुम दूर से आया. बैठो. खाना खाओ."

"हे! हे पाहिजे मला!" सर माझ्याकडे वळले. "नोव्हेंबर ते मार्च, आठवड्याला तीन बस देतो. बस येईल त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, चहाबरोबर. पण हेच गाणं हं. करारात लिही, नाहीतर तिथे गेल्यावर दुसरंच काहीतरी दाखवतील. मी निघायच्या आत मंडळातर्फे तिची सही घे. यल्ला, चल लवकर!"

मी हवेतच होते. लॅपटॉप घेऊन पॅन्ट्रीत गेले तर हलिमा फ्रिजला टेकून फरशीवर बसलेली, तोंडात ओढणीचा बोळा.

"अगं, मिल गया! अब रोती क्यों है?"

"गाने में मम्मा का नाम था, मॅडम."

तिची आई पहाटे गेली होती. गावाने तिला कळवलंच नव्हतं. आधी कॉल होऊ दे, मग सांगू, असं ठरलं असणार. त्यांच्या गावात माणूस गेलं की ढोल पालथा होतो, पाहुण्यांसमोर नाचणं बंद. पण कॉल चुकवायचा नाही, असं हलिमानेच त्यांना बजावलं होतं. माझं वाक्य, तिच्या तोंडून. म्हणून त्यांनी जे मर्तिकाचं गाणं चाललं होतं त्याच्यासमोर फोन धरला. आई गेल्याचं हलिमाला आमच्या मीटिंग रूममध्ये, सरांच्या शेजारी उभं असताना कळलं होतं.

मी तिच्या बाजूला बसले. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. "मैं सर को बोलती हूँ. बुरा आदमी नहीं है वो. दूसरा कोई गाना..."

"दूसरा नहीं लेगा. आपने सुना ना."

ऐकलं होतं. सर खरंच वाईट वाटून घेतील, तिला रजा देतील, तिकीटही काढून देतील. आणि पुढच्या आठवड्यात दुसरं गाव बघतील.

"पण हे गाणं नंतर म्हणता येतं का?" मी तिला हिंदीत विचारलं.

तिने तुटक तुटक सांगितलं. तीन दिवस गायचं. चौथ्या दिवशी ढोल सरळ करायचा आणि गाणं थांबवायचं, तेव्हा गेलेलं माणूस अंगणातून निघतं. गाणं चालू राहिलं तर ते निघू शकत नाही. आणि नाव घेतल्याशिवाय ते गाणं म्हणताच येत नाही.

"फिर किसका नाम लेंगे?"

"मम्मा का ही. और किसका लेगा, मॅडम? ज़िंदा आदमी का?"

बाहेरून सरांची हाक आली. "ॲडेलिन, झालं का? पावणेदोन!"

हलिमा उठली. नळाखाली तोंड धुतलं, ओढणीने पुसलं. "लिखो मॅडम. बीस घर बचा है. मम्मा समझेगी. मार्च तक रुकेगी, फिर जाएगी."

मी लिहिलं. प्रिंट काढली. तिने तिथेच, ओट्यावर कागद ठेवून, सावकाश सही केली. आमच्या छापील करारात शेवटचं एक कलम असतं. कोणी हरकत घेतली नाही तर मुदत आपोआप पुढच्या सीझनपर्यंत वाढते. ते कलम तिला वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.